प्रिंटच्या पांढऱ्या कडा करड्या येतात आणि एकाच निगेटिव्हचे पहाटे व संध्याकाळी वेगवेगळे प्रिंट निघतात

पेठेतली डार्करूम:

नमस्कार. गेल्या सहा महिन्यांपासून मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून कृष्णधवल प्रिंट काढतो आहे. बंद झालेल्या एका स्टुडिओतून घेतलेला, निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणारा जुना एन्लार्जर, त्यात ७५ वॉटचा दुधी बल्ब, ८ × १० इंचांचा नवा मल्टिग्रेड (फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणारा) आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) कागद, १ भाग अर्कात ९ भाग पाणी घालून केलेला, प्रतिमा उमटवणारा तयार डेव्हलपर आणि रसायनांच्या दुकानातून किलोवर आणलेले, प्रतिमा पक्की करणाऱ्या हायपोचे खडे, एवढी माझी सामग्री आहे. उजेडासाठी ट्रेच्या वर सुमारे दोन फुटांवर लाल एलईडी बल्ब लावला आहे.

अडचण अशी की, तालमीतल्या हौद्याचे एक निगेटिव्ह माझ्याकडे आहे. वरच्या झरोक्यातून उजेडाचा पट्टा लाल मातीवर पडला आहे आणि त्या पट्ट्यात उडालेली धूळ दिसते. निगेटिव्हमध्ये ही धूळ भिंगाखाली स्पष्ट दिसते, पण प्रिंटमध्ये तो सगळा भाग मळकट, राखेसारखा येतो. कॉन्ट्रास्ट वाढवण्यासाठी ४ क्रमांकाचा फिल्टर लावला, तर सावल्या बुडतात आणि राख तशीच राहते. प्रिंटची कडाही शुभ्र नसते. दुसरी गोष्ट म्हणजे भिंगाचे छिद्र एफ ८ या मापावर ठेवून १२ सेकंद दिलेला प्रिंट पहाटे बरोबर येतो आणि तेच निगेटिव्ह, तोच फिल्टर व तेच १२ सेकंद संध्याकाळी दिले की प्रिंट फिका येतो. तिसरी तक्रार अशी की, महिन्याभरापूर्वीच्या काही प्रिंटवर आता पिवळट तपकिरी डाग उमटू लागले आहेत. कागद खराब असावा अशी माझी शंका आहे, परंतु एका पुडक्याची किंमत पाहता केवळ शंकेवरून ते टाकून देण्याचे धाडस होत नाही.

जुना रिटचर:

आपण लिहिलेल्या तीन तक्रारी एकाच कारणाच्या नसाव्यात, असे प्रथमदर्शनी वाटते. मी महाद्वार रोडच्या परिसरात बावीस वर्षे निगेटिव्ह रिटच करण्याचे आणि प्रिंट काढण्याचे काम केले. लाल दिव्याबद्दल मला शंका घ्यावीशी वाटत नाही, कारण आमच्याकडे रंगवलेला लाल झिरोचा बल्बच कायम असे आणि त्याखाली हजारो प्रिंट निघाले. माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. आपण प्रिंट डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवता? लाल उजेडात ओला प्रिंट आहे त्यापेक्षा गडद भासतो आणि नवा माणूस घाबरून तो तीस सेकंदांतच चिमट्याने उचलतो. तसा उचललेला प्रिंट बाहेर आल्यावर हमखास मळकट दिसतो, कारण काळा रंग पुरता भरायच्या आतच त्याची वाढ थांबवलेली असते.

मे महिन्यात कोल्हापुरात ट्रेमधले पाणी तीस अंशांवर गेलेले असते, तेव्हा हा मोह आणखी वाढतो, कारण प्रतिमा फार झपाट्याने वर येते. डेव्हलपिंगची वेळ ठरलेली ठेवावी आणि प्रिंट गडद वाटला तर एक्स्पोजर कमी करावे. वेळेशी खेळू नये. मोठ्या परातीत माठातले पाणी भरून त्यात डेव्हलपरचा ट्रे ठेवला, तर एक-दोन तासांचे काम सुखाने होते.

प्रयोगवही:

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि घरी प्रिंट काढते. काकांनी वेळेबद्दल जे लिहिले आहे ते पूर्णपणे मान्य आहे. आरसी कागदाला आपल्या डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सिअसला पुरा एक मिनिट मिळालाच पाहिजे. मात्र कागद, दिवा, डेव्हलपर आणि भिंग या चौघांवर एकाच वेळी संशय घेऊन चारही बदलले, तर प्रिंट सुधारला तरी दोषी कोण होता हे कधीच कळणार नाही. म्हणून आधी कागदालाच विचारावे, आणि तेही संपूर्ण काळोखात.

लाल दिवा बंद करा. पुडक्याच्या मधल्या एका कागदाच्या दोन पट्ट्या कापा. पहिली पट्टी डेव्हलपरला न दाखवता थेट हायपोत टाका आणि धुऊन घ्या. दुसरी पट्टी डेव्हलपरमध्ये पूर्ण एक मिनिट, मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे आम्लाचे पाणी), मग हायपो अशी नेहमीच्या क्रमाने न्या. हे सगळे काळोखात, मोबाइल खोलीबाहेर ठेवून आणि घड्याळाचे चमकणारे काटे झाकून करायचे आहे. दोन्ही पट्ट्या वाळल्यावर दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी धरा. पहिली पट्टी म्हणजे त्या कागदाचा मूळ पांढरा रंग. दुसरी तिच्याइतकीच पांढरी असेल, तर कागद आणि डेव्हलपर दोघेही निर्दोष आहेत. दुसरी करडी निघाली, तर कागद जुना झाला आहे, पूर्वी कधी तरी त्याला उजेड लागला आहे, किंवा डेव्हलपर फार गरम अथवा दूषित झाला आहे. या एका चाचणीने निम्मे प्रश्न बाजूला पडतात आणि कागदाच्या केवळ दोन पट्ट्या खर्च होतात.

कळंब्याहून:

कडांविषयी एक निरीक्षण नोंदवतो. इझलच्या, म्हणजे कागद धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या, पात्यांखाली झाकलेली कडा एन्लार्जरचा उजेड कधीच पाहत नाही, त्यामुळे तिची साक्ष फार मोलाची असते. कडा शुभ्र आणि चित्रातले पांढरे भाग मात्र मळकट असतील, तर दोष भिंगात किंवा एन्लार्जरच्या डोक्यातून निसटणाऱ्या उजेडात शोधावा. कडाही करडी असेल, तर त्या कागदाला एन्लार्जरखेरीज दुसऱ्या कोणत्या तरी उजेडाने गाठले आहे, किंवा कागद मुळातच धुरकटलेला आहे.

माझ्याकडे पहिला प्रकार झाला होता. तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या एन्लार्जरच्या भिंगात आतल्या बाजूला बुरशीचे जाळे धरले होते. त्यामुळे निगेटिव्हच्या पातळ भागांतून येणारा उजेड सगळ्या चित्रभर विखुरला जाई आणि पांढऱ्या भागांवर करडा पडदा पडे. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत भिंग चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. आपल्या भिंगातून टॉर्चचा उजेड तिरपा टाकून एकदा पाहावे.

पेठेतली डार्करूम:

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री मॅडमनी सांगितलेली पट्ट्यांची चाचणी केली. दोन्ही पट्ट्या सारख्याच शुभ्र आल्या. आईला आणि बहिणीला वेगवेगळे विचारले, त्यांनाही फरक दिसला नाही. म्हणजे कागदावर मी विनाकारण संशय घेत होतो. भिंगही पाहिले. थोडी धूळ आहे, बुरशी नाही.

काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे, तर मी प्रिंट चाळीस ते पंचेचाळीस सेकंदांत उचलत होतो. आता पूर्ण एक मिनिट ठेवतो आणि एक्स्पोजर घटवले आहे. सावल्यांतला काळा रंग लगेच भरदार झाला, परंतु उजेडाच्या पट्ट्यातली राख गेली नाही.

राहता राहिला दिवा. त्याची चाचणी मी सुरुवातीलाच केली होती. कोऱ्या कागदावर नाणे ठेवून तो लाल दिव्याखाली दोन मिनिटे ठेवला आणि डेव्हलप केला. नाण्याचा ठसा अजिबात उमटला नाही. त्यामुळे दिवा सुरक्षित आहे असे धरून चाललो होतो. आता मात्र कोणाकडे बोट दाखवावे हे सुचत नाही.

प्रयोगवही:

बोट दिव्याकडेच दाखवावे लागेल, कारण ही नाण्याची चाचणी अपुरी आहे. ती इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलेली आहे की तिच्यातली त्रुटी कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

कागदाला उजेडाचा एक किमान डोस मिळेपर्यंत तो काहीच दाखवत नाही. कोऱ्या कागदावर मंद लाल दिव्याने दोन मिनिटांत जो उजेड सांडला, तो या उंबरठ्याच्या आत राहिला आणि कागद पांढराच दिसला. पण प्रत्यक्ष प्रिंटमध्ये, निगेटिव्हच्या दाट भागातून आलेल्या थोड्याशा उजेडाने कागद आधीच उंबरठ्यावर येऊन उभा असतो. त्यावर दिव्याचा तेवढाच उजेड पडला की तो उंबरठा ओलांडतो आणि शुभ्र असायला हवा तो भाग करडा होतो. आपल्या चित्रात ही जागा नेमकी त्या धुळीच्या पट्ट्याची आहे. म्हणून सगळी हानी तिथेच दिसते आणि सावल्यांत काही कळत नाही.

योग्य चाचणी अशी करावी. लाल दिवा बंद ठेवून, निगेटिव्ह न लावता, भिंगाचे छिद्र सर्वांत लहान करून कागदाला एन्लार्जरचा इतकाच उजेड द्यावा की डेव्हलप केल्यावर तो अगदी हलका करडा होईल. हा वेळ आधी टेस्ट स्ट्रिपने, म्हणजे एकाच पट्टीच्या भागांना वेगवेगळे सेकंद देऊन, शोधून ठेवावा. असा कागद ट्रेच्या जागी ठेवून त्यावर चार नाणी एका ओळीत मांडावीत, दिवा लावावा, आणि पुठ्ठा सरकवत एकेका नाण्याचा भाग १, २, ४ आणि ८ मिनिटांनी झाकत जावा. नंतर दिवा बंद करून काळोखातच डेव्हलप करावे. पहिले नाणे ज्या मिनिटाला दिसू लागेल, त्याच्या निम्मा वेळच आपल्या हाती आहे असे मानावे. कागद पुडक्यातून काढल्यापासून हायपोत जाईपर्यंत प्रत्यक्षात किती वेळ दिव्याखाली असतो, हेही एकदा घड्याळ लावून मोजावे.

पेठेतली डार्करूम:

चाचणी केली. एक मिनिटाचे नाणेही उमटले आहे. आठ मिनिटांचे तर कोणी पेन्सिलने वर्तुळ काढावे इतके ठळक आहे. आणि कागद दिव्याखाली असण्याचा वेळ मोजला, तो साडेचार मिनिटे भरला, कारण आकाशाच्या आणि भिंतीच्या भागांना मी जास्तीचा उजेड देत बसतो. कडा काही प्रिंटवर जास्त आणि काहींवर कमी करडी का असते, याचाही उलगडा झाला. ज्या प्रिंटवर जास्त वेळ काम केले, त्यांच्याच कडा अधिक करड्या आहेत.

तरीही एक प्रश्न मनात राहतो. काकांच्या स्टुडिओत लाल बल्बखाली हजारो प्रिंट निघाले, मग माझाच लाल दिवा घात का करतो?

जुना रिटचर:

या प्रश्नाने मलाही दोन रात्री विचार करायला लावले आणि माझे आधीचे ठाम मत मला मागे घ्यावे लागते आहे. आम्ही जो कागद वापरत होतो, तो ठरावीक ग्रेडचा, म्हणजे कॉन्ट्रास्ट आधीच ठरलेला असे. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आम्ही नॉर्मल किंवा हार्ड असा मागवत असू. तसा कागद प्रामुख्याने निळ्या उजेडाला दाद देतो. आताचा मल्टिग्रेड कागद निळ्याबरोबर हिरव्यालाही दाद देतो, कारण पिवळ्या आणि जांभळट फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलण्याची सगळी किमया त्या दोन रंगांच्या प्रमाणावरच उभी आहे. म्हणजे ज्या बल्बमधून थोडा हिरवा उजेड निसटत होता, तो आमच्या कागदाला चालून गेला आणि आपल्या कागदाला चालत नाही. आमचे कामही वेगळे होते. ओळखपत्राचे फोटो कॉन्टॅक्ट पेटीत (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उजेड देण्याच्या पेटीत) ठेवायचे आणि ट्रेमध्ये सोडायचे, यात कागद दिव्याखाली फार वेळ राहतच नसे. शिकवताना मी अनेकांना ‘लाल बल्ब असला की झाले’ असे सांगत आलो. यापुढे तसे सांगणार नाही.

आपल्या एलईडी बल्बबद्दल एक साधी परीक्षा भाच्याने दाखवली. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर बल्बचे प्रतिबिंब तिरपे पाहावे. त्यातून फुटणाऱ्या पट्ट्यात केवळ लाल दिसला तर आशा आहे. लालशेजारी पिवळी, हिरवी किंवा निळी रेघ दिसली, तर तो मुळात पांढरा एलईडी असून त्यावर लाल प्लास्टिक चढवलेले आहे.

पेठेतली डार्करूम:

हिरवी रेघ स्पष्ट दिसली. बल्ब काढून टाकला.

वायरमन:

पहाटे आणि संध्याकाळच्या फरकाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मी विजेच्या जोडणीची कामे करतो. फोटोग्राफीतले मला फार कळत नाही, पण तारेच्या बल्बचे कळते. अशा बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घसरले की उजेड साधारण तीस टक्के घटतो. शिवाय उरलेला उजेड अधिक तांबूस होतो. आपल्या चर्चेवरून कागद निळ्या-हिरव्या उजेडावर चालतो असे कळते, म्हणजे कागदाच्या दृष्टीने नुकसान तीस टक्क्यांहूनही जास्त असणार.

आपल्या पेठांत नळाला पाणी यायची वेळ झाली की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि जुन्या घरांच्या वायरिंगवर त्याचा ताण लगेच दिसतो. पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा एन्लार्जर चालू ठेवून त्याच सॉकेटवर मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. बल्ब बंद असतानाचा आकडा उपयोगाचा नाही. मीटर वापरायची सवय नसेल, तर हे काम माहीतगाराकडून करून घ्यावे. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर उभे राहून सॉकेटला हात लावू नये.

पेठेतली डार्करूम:

शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या दादांना बोलावून मोजणी केली. पहाटे साडेचारला २३२ व्होल्ट आणि संध्याकाळी साडेसहाला २०५ व्होल्ट. आपल्या हिशेबाने उजेड सुमारे एक तृतीयांश कमी. मी पडताळा म्हणून संध्याकाळी एक टेस्ट स्ट्रिप काढली, तर पहाटेच्या १२ सेकंदांच्या प्रिंटशी जुळणारी पट्टी १९ सेकंदांची निघाली, आणि तिच्यातही कॉन्ट्रास्ट किंचित मऊ आहे. सहा महिने मी हा दोष स्वतःच्या हाताचा समजत होतो.

वायरमन:

स्टॅबिलायझर घेणार असाल तर टकटक आवाज करत टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलणारा घेऊ नका. तो ऐन एक्स्पोजरच्या मध्येच टप्पा बदलला, तर प्रिंट वाया जाईल. सर्व्हो पद्धतीचा, म्हणजे व्होल्टेज सलग सावरणारा, छोटा स्टॅबिलायझर पुरेल. तो परवडेपर्यंत पाण्याची वेळ टाळून काम करावे, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

प्रयोगवही:

डागांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण इथे कारण जवळजवळ निश्चित आहे. आपण साधा हायपो वापरता आणि स्टॉप बाथचा उल्लेख कुठेही केलेला नाही. डेव्हलपरने भिजलेला प्रिंट थेट साध्या हायपोत गेला की अल्कली आणि डेव्हलपर दोन्ही त्यात मिसळत राहतात, हायपो तपकिरी होतो आणि कागदावर डाग धरतो. त्यातच हायपो थकलेला असेल, तर कागदात उरलेले चांदीचे क्षार महिन्याभराने रंग दाखवू लागतात.

स्टॉप बाथसाठी किराणा दुकानातले ४ टक्क्यांचे साधे पांढरे व्हिनेगर समप्रमाणात पाणी घालून चालते. ॲसेटिक ॲसिडचे प्रमाण २ टक्के होते. हायपो लिटरला २५० ग्रॅम घ्यावा आणि कोमट पाण्यात विरघळवावा, कारण विरघळताना तो पाणी चांगलेच थंड करतो. द्रावण पूर्ण निवल्यावरच त्यात २५ ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट घालावे. गरम हायपोत आम्ल पडले तर गंधक वेगळे होऊन द्रावण दुधासारखे होते आणि ते टाकूनच द्यावे लागते. हायपो थकला आहे का हे पाहण्यासाठी त्याचे थोडे द्रावण काचेत घेऊन पोटॅशियम आयोडाइडच्या ५ टक्के द्रावणाचे काही थेंब टाकावेत. पिवळट साका दाट धरला आणि ढवळूनही विरला नाही, तर हायपो बदलावा. आणि कृपा करून न्हाणीघराची वरची झडप काम संपल्यावर उघडून ठेवत जा. व्हिनेगर आणि मेटाबायसल्फाइटची वाफ बंद खोलीत घशाला त्रास देते.

पेठेतली डार्करूम:

मधल्या पंधरा दिवसांत जे बदलले ते नोंदवतो. मल्टिग्रेड कागदासाठीच बनवलेला फिक्या तपकिरी रंगाचा फिल्टर मागवला, त्यामागे १५ वॉटचा बल्ब लावला आणि दिवा ट्रेपासून पाच फुटांवर, भिंतीकडे तोंड करून बसवला, कारण असा फिल्टर किमान १.२ मीटर दूर ठेवावा असे निर्मात्याच्याच सूचनेत आहे. नाण्यांची चाचणी पुन्हा केली. आठ मिनिटांचे नाणेही उमटले नाही. व्हिनेगरचा ट्रे मध्ये आला. जुना हायपो तपासला, तर पहिल्या चार थेंबांतच साका धरला.

काल पहाटे साडेचारला हौद्याचे निगेटिव्ह पुन्हा लावले. अडीच क्रमांकाचा फिल्टर, ११ सेकंद, डेव्हलपरमध्ये मोजून एक मिनिट. कडा कागदाइतकी पांढरी आली. झरोक्यातून उतरणाऱ्या पट्ट्यात धुळीचा कण न् कण वेगळा दिसतो आणि पट्ट्याच्या खाली मातीवर उमटलेली पावलेही दिसतात, जी तिथे आहेत हे मला निगेटिव्हवरूनही नीट कळले नव्हते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतः चलच्चित्रांचा कॅमेरा घडवला, त्या गावात हे काम अजून हाताने करणारे आणि शिकवणारे लोक भेटले, याचा मला फार आनंद आहे.

डागाळलेले जुने प्रिंट ताज्या हायपोत पुन्हा बुडवून वाचतील का?

प्रयोगवही:

ज्या प्रिंटवर अजून डाग उमटलेले नाहीत, ते बहुधा वाचतील. ताज्या हायपोत पाच मिनिटे ठेवून वाहत्या पाण्यात नीट धुवावेत. उमटलेला डाग मात्र त्याने जाणार नाही. ते प्रिंट निगेटिव्हवरून पुन्हा काढावेत.

कळंब्याहून:

आपण इथे टाकलेले प्रिंटचे छायाचित्र पाहिले. उजवा वरचा कोपरा डाव्यापेक्षा किंचित फिका वाटतो. निगेटिव्ह काढून, भिंग पूर्ण उघडून इझलवर पांढरा कागद ठेवा आणि एन्लार्जरच्या दिव्याचा दांडा वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून चारही कोपरे सारखे उजळेपर्यंत बल्ब बसवा. जुन्या एन्लार्जरमध्ये बल्ब बदलला की हे दर वेळी करावे लागते.

पेठेतली डार्करूम:

दांड्याचा स्क्रू ढिला निघाला. आज संध्याकाळी पाणी येऊन गेल्यावर बसवतो आणि कोपऱ्यांची टेस्ट स्ट्रिप इथे टाकतो.